उन्हाळी कुंड्या: फुले करपतात, आणि टिकली तरी मधमाश्या फिरकत नाहीत

फेब्रुवारीच्या अखेरीस गच्ची फुलांनी भरलेली असते. होळी झाली की पानांच्या कडा पिवळ्या पडू लागतात, गुढीपाडव्याच्या सुमारास कळ्या न उमलताच सुकतात आणि एप्रिलच्या मध्यावर कुंड्यांत नुसत्या काड्या उरतात. पाणी एकाऐवजी तीन वेळा घातले तरी त्यात फरक पडत नाही. काही जणांची फुले टिकतात, पण त्यांची तक्रार वेगळी असते. फुले असूनही मधमाशी येत नाही, आणि त्याच गच्चीवरच्या काकडीच्या वेलावर, पाकळ्यांमागे बोटाच्या पेराएवढी काकडी घेऊन उमललेले मादी फूल तिसऱ्या दिवशी पिवळे पडून गळते. नागपुरातल्या माझ्या गच्चीवर या दोन्ही तक्रारी सलग तीन उन्हाळे होत्या. दर वेळी नर्सरीत गेले की एकच उत्तर मिळे, ‘ताई, पाणी कमी पडून राहिलं,’ आणि मी घरी येऊन आणखी एक बादली ओतत असे.

पाण्याचा त्यात वाटा थोडाच होता. उन्हाळ्यासाठी रोप निवडताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: हे झाड ४५ अंशांत उभे राहील का, आणि याच्या फुलात कीटकाला घेण्यासारखे काही आहे का. पहिल्या प्रश्नात पास झालेले झाड दुसऱ्यात सपशेल नापास होऊ शकते, आणि मी तीन वर्षे हे दोन्ही प्रश्न एकच समजत होते.

मार्चअखेर झाड बसते

पिटुनिया, पॅन्सी, डायंथस, फ्लॉक्स, कॅलेंड्युला आणि अँटिरिनम ही हिवाळी हंगामी फुले आहेत. विदर्भात त्यांचा मुक्काम साधारण ऑक्टोबरअखेरीपासून मार्चपर्यंत असतो. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले आणि रात्रीही गरम होऊ लागल्या की ती बी धरून वाळतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते वेळेवरच असते. अडचण अशी, की हंगामाचा उरलेला माल नर्सरीत मार्चमध्येही भरगच्च फुललेला मांडलेला असतो, स्वस्त मिळतो आणि गिऱ्हाईक फुलाकडे बघून रोप उचलते. आपल्या कुंडीतली नावे या यादीतली असतील तर खत, सावली, औषध यांपैकी कशाचाही उपयोग होणार नाही. बी वाळवून ठेवावे आणि कुंडी रिकामी करावी.

दुसरी चूक वेळेची असते. झाड उन्हाळी जातीचे असले, पण ते १५ एप्रिलला आणून लावले, तर त्याला मुळे पसरायला थंड दिवसच मिळत नाहीत. झिनियाला पेरणीपासून फुलायला साधारण दोन महिने लागतात आणि गॅलार्डियाला त्याहूनही जास्त. म्हणून या दोघांचे बी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पडले पाहिजे, म्हणजे नवतपा लागण्याआधी मुळे कुंडीच्या तळाला टेकलेली असतात. मे महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की सुरू होणाऱ्या त्या नऊ दिवसांत इकडे नवे रोप जगवणे म्हणजे हौसेची परीक्षा असते, आणि त्या परीक्षेला बसण्याचे काही कारण नाही.

उन्हात उभे राहणाऱ्यांमध्ये माझ्या मते पहिला मान ऑफिस टाईमचा. सकाळी ऊन चढल्यावर उमलणारे आणि दुपार उतरताना मिटणारे हे फूल चिनी गुलाब म्हणूनही विकले जाते. ते आपल्या घोळीच्या भाजीच्याच कुळातले आहे. त्याची पाने मांसल असून त्यांत पाण्याचा साठा असतो, आणि पाण्याची टंचाई झाली की हे झाड पानांची छिद्रे दिवसा मिटून घेऊन हवा रात्री आत घेण्याच्या पद्धतीकडे वळू शकते, म्हणून इतर झाडे मान टाकतात तेव्हाही ते ताठ असते. एकेरी पाकळीचे ऑफिस टाईम सकाळी साडेनऊच्या सुमारास जवळून पाहावे. मधोमध पुंकेसरांचा पिवळा झुपका असतो. त्याला एका बाजूने काडीने हळूच स्पर्श केला की काही क्षणांत ते पुंकेसर स्पर्शाच्या दिशेने झुकतात. फुलोरी माशी, म्हणजे छोटी मधमाशी, झुपक्यात शिरली की हेच होते आणि तिचे अंग परागाने पिवळे होते. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा वाऱ्यामुळे होत असावे असे वाटले, म्हणून फुलावर स्टीलची वाटी आडवी धरून पुन्हा करून पाहिले.

झिनिया, नारिंगी-पिवळा कॉसमॉस, गॅलार्डिया आणि गोम्फ्रेना ही पुढची चार नावे. कॉसमॉस घेताना रंग बघावा: गुलाबी-पांढरा, बारीक दोऱ्यासारख्या पानांचा कॉसमॉस हिवाळ्याचा आहे, उन्हाळ्याला नारिंगीच चालतो. त्याला आणि गॅलार्डियाला सुपीक मातीचे फार कौतुक नको. शेणखत जास्त झाले की कॉसमॉस कमरेएवढा वाढून पाने दाखवत बसतो. गॅलार्डियाला आपल्याकडे शेतकरी गलांडा म्हणतात. हारांसाठी बाजारात येणारे त्याचे गच्च गोंडे वेगळे आणि मध्ये गडद टिकली असलेला एकेरी गलांडा वेगळा. कुंडीसाठी दुसराच मागावा. कारण पुढे येईल. गोम्फ्रेना, म्हणजे बटणासारखी जांभळी गोल फुले, यांच्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, ती मुकाट्याने पावसाळ्यापर्यंत फुलतात आणि लहान फुलपाखरे त्यांच्यावर तासन्‌तास बसतात.

मोठी कुंडी असेल, निदान सोळा इंचांची, तर हमेलिया लावावा. त्याच्या नारिंगी-लाल नळ्यांवर शिंजीर पक्षी भर उन्हाळ्यात येतात. साधी पाच पाकळ्यांची तांबडी जास्वंदही त्यांना चालते. बोगनवेल उन्हाला कधीच हरत नाही, पाणी कमी मिळाले तर उलट जास्तच फुलते. पण तिच्या रंगीत पाकळ्या म्हणजे खरे तर पाने आहेत, आतले खरे फूल छोट्या, अरुंद नळीसारखे असते आणि मधमाशीच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. ती रंगासाठी लावावी.

फुले आहेत, माशी नाही

मला सर्वांत जास्त फसवले ते सदाफुलीने. नागपूरच्या उन्हात तिच्याइतके बिनतक्रार झाड क्वचितच सापडेल, म्हणून तिसऱ्या वर्षी मी चौदा कुंड्यांत सदाफुलीच लावली. गच्ची मेअखेरपर्यंत गुलाबी-पांढरी राहिली आणि काकडी तशीच गळत राहिली. सदाफुलीचे फूल देठाजवळ मोडून पाहिले की कारण कळते. सपाट पाकळ्यांखाली एक लांब, अरुंद नळी असते, मध तिच्या तळाशी असतो आणि नळीचे तोंड इतके आवळलेले असते की लांब सोंड असलेली फुलपाखरे आणि पतंग सोडून बाकीच्यांना तिथपर्यंत पोचता येत नाही. सातेरी किंवा फुलोरी माशीची जीभ त्या मानाने आखूड असते, म्हणून ती फुलावरून फेरी मारते आणि पुढे जाते. सदाफुली वाईट नाही; तिच्याकडून मी चुकीची अपेक्षा केली.

दुसरा फसवा प्रकार गेंदेदार फुलांचा. भरगच्च पाकळ्यांच्या जाती माणसाच्या डोळ्यांसाठी निवडून काढलेल्या असतात, आणि त्या भरगच्चपणाची किंमत फुलाने आतला ऐवज देऊन मोजलेली असते. जास्वंद आणि ऑफिस टाईममध्ये जादा पाकळ्या होतात त्या बहुधा पुंकेसरांच्या बदल्यात. झेंडू, झिनिया, गलांडा यांचे गणित थोडे निराळे आहे: त्यांचे एक फूल म्हणजे अनेक बारीक फुलांची परडी असते. एकेरी झिनियाच्या मध्यावर पिवळ्या चांदण्यांचे कडे दिसते. त्या चांदण्या म्हणजे मध आणि पराग देणारी फुले, आणि ती बाहेरून आत अशी रोज थोडी थोडी उमलतात, त्यामुळे एकच झिनिया कित्येक दिवस माशांना पुरतो. गेंदेदार जातीत या चांदण्यांच्या जागी पाकळ्याच आलेल्या असतात. दसऱ्याच्या हारातला मोठा, चेंडूसारखा झेंडू गच्चीवर लावून मधमाश्यांची वाट पाहणे म्हणूनच व्यर्थ आहे. सूर्यफुलातही, गुच्छांसाठी तयार केलेल्या काही संकरित जातींना परागच नसतो, म्हणजे टेबलावर डाग पडू नयेत. बियांच्या पाकिटावर ‘परागविरहित’ असे काही लिहिलेले असेल तर ते आपल्या कामाचे नाही.

नर्सरीत करायची परीक्षा साधी आहे. उमललेल्या फुलाच्या मध्यावर बोट टेकवावे. पिवळी पूड लागली तर रोप घ्यावे. बोट नुसतेच पाकळ्यांत रुतले तर खाली ठेवावे. नळीसारख्या फुलांना ही परीक्षा लागू पडत नाही, तिथे नळीचे तोंड किती रुंद आहे ते बघावे.

फूल योग्य असूनही माशी दिसत नसेल तर आधी आपण कधी बघतो ते तपासावे. एप्रिल-मेमध्ये मधमाश्यांची वर्दळ सूर्योदयानंतरच्या दोन-तीन तासांत असते आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर थोडी असते. दुपारी त्यांतल्या कितीतरी पोळे थंड ठेवण्यासाठी पाणी वाहण्यात गुंतलेल्या असतात. बहुतेक लोक गच्चीवर सकाळी अकराला कपडे वाळत घालायला जातात आणि माश्या नाहीत असा निष्कर्ष काढतात. सात वाजता जावे. आग्या, सातेरी आणि फुलोरी या मधमाश्यांखेरीज डंख नसलेली, मुंगीहून थोडी मोठी पोयाची माशी, काळा भुंगा आणि पोटावर निळसर पट्टे असलेली, फुलासमोर थरथरत उभी राहणारी एकांडी माशी, एवढे पाहुणे मला सकाळी साडेसात ते साडेआठ या वेळेत दिसलेले आहेत.

मांडणीनेही फरक पडतो. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, त्यामुळे दहा जातींची एकेक कुंडी तिच्या हिशेबात बसत नाही. एकाच जातीच्या पाच-सहा कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवाव्यात. माझ्याकडे ऑफिस टाईमच्या सुट्या कुंड्या कठड्यावर दूर दूर ओळीने होत्या. त्या एका कोपऱ्यात गोळा केल्या त्याच आठवड्यात फुलोरी माश्यांची ये-जा वाढली. जवळ मातीचे पसरट परळ ठेवून त्यात खडे टाकावेत आणि खडे अर्धे उघडे राहतील इतकेच पाणी भरावे. खोल भांड्यात माश्या बुडतात. परळाची जागा बदलू नये आणि पाणी रोज बदलावे, नाहीतर डासांची पैदास होते.

आता औषधाबद्दल, कारण मधमाश्या न येण्याचे किंवा आलेल्या मरून पडलेल्या सापडण्याचे हे कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. उन्हाळ्यात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो आणि दुकानदार इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम देतो. ही औषधे झाडाच्या अंगात भिनतात आणि पानांबरोबर मधात आणि परागातही उतरतात, त्यामुळे फवारणी संध्याकाळी केली म्हणून धोका टळत नाही. फुलणाऱ्या कुंडीत ती घालूच नयेत. पिठ्या ढेकणासाठी पाण्याची जोरदार धार, त्यानंतर साबणाच्या सौम्य पाण्याचा फवारा आणि हट्टी ठिकाणी जुन्या टूथब्रशने घासणे, एवढे आठवड्यातून दोनदा केले की पुरते. लाल कोळी कोरड्या हवेत वाढतो, त्यालाही पानांच्या खालच्या बाजूने मारलेली धारच आवरते. निंबोळी अर्क लागलाच तर सूर्यास्तानंतर आणि उमललेली फुले वगळून फवारावा.

झाड योग्य, फूल योग्य, तरीही करपते

इथे दोष कुंडीचा असतो. जमिनीतल्या झाडाची मुळे खाली गार मातीत जातात. कुंडीतल्या मुळांना पळायला जागा नसते. गेल्या वर्षी नवतपात दुपारी तीन वाजता मी स्वयंपाकघरातला खुपसायचा तापमापक कुंड्यांत घालून पाहिला. पश्चिमेचे ऊन खाणाऱ्या काळ्या प्लास्टिक पिशवीत, कडेपासून दोन बोटे आत, ४८ अंश निघाले. तिच्याच शेजारी मातीच्या कुंडीत ३९. बहुतेक झाडांची मुळे ४० अंशांच्या आसपास वाढायची थांबतात आणि त्यापुढे मरू लागतात. मेलेली मुळे पाणी ओढत नाहीत, म्हणून माती ओली असूनही झाड मान टाकते, ते पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळे कुजतात. सदाफुली तर अशा गरम चिखलात दोन दिवसांत जाते. दुपारी मान टाकलेले झाड संध्याकाळी सातपर्यंत आपोआप सावरले तर त्याला काहीही झालेले नाही. सावरले नाही तर आधी बोट घालून माती बघावी आणि मगच बादली उचलावी.

उपाय स्वस्त आहेत. काळी पिशवी बदलता येत नसेल तर तिला बाहेरून चुन्याचे दोन हात द्यावेत. कुंडी तापलेल्या स्लॅबवर थेट न ठेवता दोन विटांवर ठेवावी. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात आणि पश्चिमेकडच्या बाजूला रिकाम्या किंवा बोगनवेलीच्या कुंड्यांची भिंत करावी, म्हणजे झळ पहिल्यांदा त्यांच्यावर येते. मातीवर वाळलेल्या पानांचा दोन इंचांचा थर द्यावा. हिरवी जाळी बांधायची असेल तर ५० टक्क्यांहून दाट नको, आणि फुलझाडांवर ती फक्त पश्चिमेकडून उतरती बांधावी. मी एक वर्ष ७५ टक्क्यांची जाळी डोक्यावर आडवी पसरली आणि झिनियाने त्या सावलीत फुलायचेच नाकारले.

मातीचा एक दोष विदर्भात विशेष दिसतो. शेतातली काळी कसदार माती कुंडीत घातली की ती वाळताना आक्रसते, कडेने भेग पडते आणि घातलेले पाणी त्या भेगेतून थेट खाली निघून जाते. ताटलीत पाणी साचलेले दिसते, पण मुळांचा गोळा कोरडाच असतो. बाहेरून आलेल्या रोपांच्या लाल मातीच्या घट्ट गोळ्याचे आणि एकदा पूर्ण वाळलेल्या कोकोपीटचेही तसेच होते. असे झाले असेल तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवावी. लावतानाच लाल गोळा बोटांनी सैल करावा आणि माती, जुने शेणखत, कोकोपीट सारख्या भागांत घेऊन त्यात मूठ-दोन मुठी विटांचा चुरा मिसळावा.

आणि कूलरचे पाणी. आमच्याकडे एप्रिल लागला की घरोघरी कूलर सुरू होतो, आठवड्याने टाकी रिकामी करताना ते पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांत जाते, आणि मीही ते अनेक वर्षे पुण्यकर्म समजून करत होते. पण कूलरमध्ये पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. वरून रोज भर पडत गेल्यामुळे टाकीतले पाणी दिवसेंदिवस खारट होत जाते. कुंडीच्या काठावर पांढरा थर आणि जुन्या पानांची फक्त टोके आणि कडा तपकिरी झालेल्या दिसल्या तर ते क्षारांचे काम आहे. उन्हाने भाजलेले पान असे दिसत नाही. त्यावर सूर्याकडच्या बाजूला फिकट, कागदी चट्टे पडतात. क्षार झाले असतील तर कुंडीत साधे पाणी सावकाश, कुंडीच्या मापाच्या दुप्पट तरी, ओतून तळातून वाहू द्यावे. एसीच्या नळीतून टपकणारे पाणी मात्र क्षारविरहित असते, ते खुशाल वापरावे.

वेलाच्या फळधारणेसाठी हा खटाटोप करत असाल तर एक गोष्ट आधी पाहावी. काकडी, कारले, घोसाळे आणि लाल भोपळा सकाळी उमलतात, म्हणून ऑफिस टाईम आणि झिनियाच्या नादाने आलेल्या माश्या त्यांच्या उपयोगी पडतात. दुधी आणि दोडका उमलतात संध्याकाळी, त्यांचे पाहुणे प्रामुख्याने पतंग असतात, आणि दिव्यांच्या उजेडातल्या शहरी गच्चीवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. तिथे संध्याकाळी नर फूल तोडून त्याचे केसर मादी फुलाला लावणे हाच खात्रीचा मार्ग. कडक उन्हात वेलांना नर फुलेच जास्त येतात हेही लक्षात असू द्यावे. मादी फूलच नसेल तर त्यात माशीचा दोष नाही.

हे वाचताना मे उजाडला असेल तर बियांच्या मागे लागू नये. ओळखीच्या कुणाकडून एकेरी ऑफिस टाईमच्या बोटभर लांबीच्या फांद्या आणाव्यात, त्यांची खालची पाने काढून, एक दिवस सावलीत तशाच ठेवून, पसरट कुंडीत चार-चार बोटांवर खोचाव्यात आणि आठवडाभर फक्त सकाळचे ऊन द्यावे. एवढे एकच झाड नवतप्यातही मुळे धरते. बाकीच्या रिकाम्या कुंड्या सावलीत एकावर एक रचून ठेवाव्यात आणि झिनियाचे बी मृग लागल्यावर, पहिले दोन पाऊस पडून गेले की टाकावे.